झाडूचा दांडा

डोरीनला टप उघडणारी छोटी दोन सीटची गाडी हवी होती, पण तिचा नवरा लेस्ली विमा कंपनीसाठी अपघातात चेपलेल्या गाड्या तपासायचा. डर्बी शहरातल्या प्रत्येक गाडी-विक्रेत्याकडे तो झाडूचा दांडा घेऊन जायचा. डोरीनला आत बसवून तो दांडा पुढच्या काचेच्या वरच्या कडेपासून सीटमागच्या लोखंडी कमानीपर्यंत आडवा ठेवायचा. गाडी उलटली तर वाचायला डोकं दांड्याखाली राहायला हवं. डोरीन उंच, त्यामुळे दांडा दरवेळी तिच्या डोक्यावर टेकायचा.

"मला गाडी चालवायचीय लेस्ली, उलटवायची नाही."

"उलटलेल्या रोज बघतो मी," तो म्हणायचा.

अशी तीस वर्षं गेली. पुढे हाडं ठिसूळ होऊन डोरीनची पाठ वाकली. या मे महिन्यात लेस्लीने आणि विक्रेत्याने तिला दोन्ही बाजूंनी धरून सीटवर उतरवलं. या वेळी दांडा आणि डोक्याच्या मध्ये चांगली चार बोटं जागा उरली.

"पास झालीस बघ," लेस्ली खुशीत म्हणाला.

डोरीनने उठायचा प्रयत्न केला. सीट फार खाली होती.

"झाले ना," ती म्हणाली. "आता त्या माणसाला परत बोलाव आणि मला बाहेर काढा."