शाबूत कान

नाशिक रोडला सकाळची गाडी पकडली तेव्हा माझ्या पिशवीत दोनच वस्तू होत्या. बायकोने दिलेले धपाटे आणि कानाच्या मशीनची डबी. धपाटे मनमाड यायच्या आधीच संपले. डबी मात्र जालन्यापर्यंत मांडीवर धरून बसलो, जणू कुणी ती पळवणारच होतं. फिरायला म्हणून मी निघालोच नव्हतो. माफी मागायला निघालो होतो, तीही वरातीमागून घोडं म्हणतात तशी.

जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या एका मिलमध्ये मी वीस वर्षं शिफ्टचा सुपरवायझर होतो. निवृत्त होऊन नाशिकला राहायला गेलो. मागच्या महिन्यात बायकोला कानाच्या तपासणीला नेलं, तर तिथल्या बाईंनी मलाही खोलीत बसवलं. आलेख पाहून त्या म्हणाल्या, "मिलमध्ये वीस वर्षं आणि कान इतके शाबूत? कमाल आहे."

"माझी केबिन काचेची होती," मी म्हणालो, आणि मलाच कसंतरी झालं. काचेच्या पलीकडे उभा असलेला माझ्या शिफ्टमधला कामगार, युसूफभाई, डोळ्यांपुढे आला. त्याला आता ऐकू येत नाही, हे कधीच माझ्या कानावर आलं होतं. दोन दिवसांनी दुकानात जाऊन त्याच्यासाठी ती मशीन विकत आणली.

जालन्याला उतरून आधी रिक्षाने मिलपाशी गेलो. फाटकावरच्या पहारेकऱ्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आत न्हाई जाता येत काका. आधी परवानगी आना." एके काळी याच फाटकावर माझी गाडी दिसली की सलाम ठोकले जायचे. बाहेर उभा राहिलो तरी सळया लाटणाऱ्या रुळांचा घणघणाट छातीत उतरत होता. बाहेर एवढा, तर आत किती, हा हिशेब मी वीस वर्षांत एकदाही केला नव्हता.

आत लालभडक सळई चिमट्यात धरून रुळांच्या तोंडात सारायची, असं काम. त्या आवाजात बोलणं अशक्य, म्हणून कामगारांनी हाताच्या खुणा बसवल्या होत्या. मूठ वर केली की थांब. तळहात गोल फिरवला की चालू दे. माझा त्या खुणांवर विश्वास नव्हता, तो माझ्या शिट्टीवर होता. कानात घालायचे पिवळे बोळे कंपनीने दिले होते, पण ते घातले की कामगार शिट्टीला वळून बघत नसत आणि माझा पारा चढायचा. तपासणीला साहेब यायचे त्या दिवसापुरते बोळे वाटायचे आणि संध्याकाळी परत गोळा करायचे, हा माझाच नियम. एकदा तर युसूफभाईच्या कानांतून ते दोन्ही बोळे मी स्वतःच्या हाताने उपटले आणि सगळ्यांदेखत लोखंडाच्या खपल्यांच्या ढिगात भिरकावले. त्याने चिमटा उचलला आणि कामाला लागला.

युसूफभाईच्या गावाची, अंबडची एसटी दुपारी मिळाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी आणि मधूनच मोसंबीच्या बागा. शेजारी बसलेल्या आजोबांनी मोसंबी सोलून अर्धी माझ्या हातावर ठेवली.

"कोनाकडं चाल्ले?"

"युसूफभाईंकडे. पूर्वी मिलमध्ये होते ते."

"भैरा (बहिरा) युसूफ म्हना की! गल्लीत कोनालाबी इचारा, बराबर सांगतेन."

मोसंबीच्या उरलेल्या फोडी मी रुमालात गुंडाळल्या. माणसाचं नाव असं बदलून गेलं होतं, आणि त्यात माझा हात होता.

युसूफभाईचं घर सापडायला खरंच वेळ लागला नाही. दारात त्याची बायको, साबिराभाभी, तांदूळ निवडत होती. तिने मला लगेच ओळखलं. युसूफभाई आत पाठमोरा बसून खाटेची सुतळी ताणत होता. भाभीने त्याच्या खांद्यावर थाप मारली, तो वळला, आणि तिने हाताने एक खूण केली. दोन बोटांनी कानातून काहीतरी काढल्यासारखं केलं आणि हवेत फेकलं.

"साहेब!" युसूफभाई एवढ्या मोठ्याने ओरडला की दारातली कोंबडी उडाली. "कवा आल्ते? खबर तरी करायची!"

खूण मला कळली नाही. मला वाटलं, पाहुणा आल्याचं सांगत असेल.

जेवायला खिचडी आणि खट्टा (चिंचेचं आंबट सार) होता. आग्रह असा की मी तीनदा वाढून घेतलं. मग मोठ्या ऐटीत डबी उघडली आणि मशीन त्याच्या कानाला लावली. त्याच वेळी भाभीने भांडी उचलली, आणि युसूफभाईने कळवळून मशीन ओढून काढली.

"डोक्यात भांडे आपटून राह्यले साहेब!"

"आधी तपासनी करावं लागती," भाभी हळूच म्हणाली. "ज्याच्या त्याच्या कानापरमानं मशीन बसवावं लागती. शेजारच्या चाचीला तसंच केल्तं."

एवढी साधी गोष्ट मला ठाऊक नव्हती. चष्मा तरी मी कुणासाठी असा दुकानातून परस्पर आणला असता का? पण घाई त्याच्या कानांची नव्हतीच, माझ्या मनाची होती.

कागदावर लिहून त्याला विचारलं, काहीच ऐकू येत नाही का?

"तुमचं बोलनं न्हाई येत. नातीचं तर बिलकुल न्हाई," तो म्हणाला. "पन शिट्टी येती. दिवसभर शिट्टीच वाजून राह्यली कानात."

त्याने ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागलं. कागद पुढ्यात होता, पेन हातात होतं. माफी लिहायला दोन ओळी पुरल्या असत्या. लिहिलं तर तो वाचणार, वाचून माझ्याकडे बघणार, याचीच मला भीती वाटली. मग मी मान खाली घालून पुटपुटलो, "माझं चुकलं युसूफभाई." बहिऱ्या माणसाजवळ कुजबुजून माफी मागणारा दुसरा भित्रा कुणी असेल असं वाटत नाही.

"काय म्हन्ता?" त्याने विचारलं.

मी लिहिलं, खिचडी छान होती.

भाभी चहा घेऊन मागे उभी होती. तिने ऐकलं होतं.

निघताना ती गल्लीत आली. मी विचारलं, "भाभी, मघाशी ती खूण कसली केलीत?"

तिने पदर सावरला. "तुमचं नाव हाय ते साहेब. मिलमधी सगळ्यायला हातानंच नाव व्हतं. मुकादम लंगडायचा, त्याचं तसं. तुमचं हे." तिने पुन्हा कानातून काढून फेकल्यासारखं केलं. "आता घरात आमी तसंच बोलतो. त्यायनीच शिकवलं."

इतकी वर्षं लोक माझ्या डोळ्यांदेखत मला या नावाने हाक मारत होते, आणि मी काचेआड बसून ते बघत होतो.

"आणि माफीची खूण कोणती?"

"तशी खूण न्हाई," ती म्हणाली. "मिलमधी कोन मागतं माफी?"

युसूफभाई दारात उभा होता. शेजारच्या ओट्यांवर बाया बसलेल्या, समोरच्या टपरीवर चार माणसं. मी परत फिरलो, त्याच्यापुढे उभा राहिलो आणि शाळेत उभं करायचे तसे दोन्ही कान पकडले. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, भर गल्लीत. डोळे भरून आले, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

तो पुढे आला आणि माझ्या कानांवरचे हात आपल्या चरबट हातांनी खाली घेतले. मग साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"सांभाळा साहेब. शाबूत हायेत."

परतीच्या गाडीत डबी पुन्हा मांडीवर होती. येत्या सोमवारी युसूफभाईला जालन्याला तपासणीला न्यायचं ठरलंय, मी सोबत जाणार आहे. माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि मीही विचारलं नाही. डब्यात एक लहान मूल झोपेत काहीतरी बडबडत होतं. मला त्यातला शब्द न् शब्द ऐकू येत होता.