आत्याची पपनसाची वाईन

आमच्या घरात मधाची वाईन आत्याच करायची, कारण आमच्या घरात सगळं आत्याच करायची. बाबांची ही धाकटी बहीण. सकाळी वाडीत केळींना पाणी, मग फुलं खुडणं, दुपारी रांधणं, संध्याकाळी डुकरांचं खाणं, आणि रविवारी सगळ्यांच्या कपड्यांना इस्त्री करून चर्चमध्ये मिस्साला शेवटच्या बाकावर बसणं. तिशी उलटून गेली होती. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "बहिणीला आम्ही कधी काही कमी केलं नाही." ते खरंच होतं. काम तर कधीच कमी केलं नाही.

आमच्या भुईगावात नाताळला घरोघरी वाईन होते. बहुतेकांची काळ्या द्राक्षांची, साखर ओतून पाकासारखी केलेली. आत्याची मधाची. तुंगारच्या डोंगरातल्या बायका मध विकायला यायच्या, तो बोटावर घेऊन चाटल्याशिवाय ती बाटलीला हात लावायची नाही. विहिरीचं पाणी उकळून कोमट करायचं, त्यात मध विरघळवायचा, विरजण म्हणून ताजी ताडी घालायची आणि चिनीमातीच्या बरणीच्या तोंडाला फडकं बांधायचं. पण नुसत्या मधाची वाईन लुळी लागते. तिला उभं करायचं ते पपनसाने. विहिरीमागच्या झाडाचं पपनस घेऊन आत्या वरची हिरवी साल तेवढी काढायची. खालचा जाड पांढरा भाग जराही जाता कामा नये, सगळा कडूपणा त्या पांढऱ्यात. सालीची मलमलीत पुरचुंडी बांधून बरणीत सोडायची, रोज चव बघायची आणि वास उतरला की त्याच दिवशी काढून टाकायची. "साल म्हणजे पाहुणी," ती म्हणायची, "वेळेत उठली तर बरी."

सत्तरचं दशक संपत आलं होतं, मी डी.एड.ला होते, तेव्हा आगाशीकडून तिला मागणी आली. विधुर होता, मूलबाळ नव्हतं, स्वतःची पानवेलीची वाडी होती. त्याने तिला कुठल्याशा सणाच्या मिस्साला पाहिलं होतं. शेवटच्या बाकावरची बाई कोणाला दिसू शकते, याचंच आमच्या घराला नवल वाटलं. आत्या केस विंचरताना मला म्हणाली, "फार पिकलेत का गं?" मी नाही म्हटलं. तिला जायचं होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. आईला तर चांगलंच दिसलं.

आमच्याकडे बघायला आलेले तोंडाने नकार देत नाहीत. मुलीने आपल्या हातची वाईन पुढे करायची. पाहुण्याने ग्लास रिकामा केला तर होकार. अर्धा ठेवून उठला, तर हवापाण्याच्या गप्पा मारत दोन्हीकडच्यांनी निरोप घ्यायचा. बिनबोभाट अपमान करण्यात आमचा समाज फार सुसंस्कृत.

नाताळ होऊन गेला होता, पाहुण्यांसाठी आत्याने वेगळी बरणी घातली. साल बरणीत पडली आणि निर्मळहून निरोप आला की तिची आतेबहीण बाळंत झालीय, कोणीतरी हवं. कोणीतरी म्हणजे आत्या. निघताना ती आईला दोनदा बजावून गेली, "वहिनी, परवा तेवढी पुरचुंडी काढा." आई म्हणाली, "जा तू. मी हाय ना."

ती परतली ती पाहुणे यायच्या आदल्या संध्याकाळी.

दुसऱ्या दिवशी तो आला, त्याच्याबरोबर त्याचा मोठा भाऊ. ओसरीवर बसले. आत्याने ट्रे आणून ठेवला आणि दाराशी उभी राहिली. भावाने एक घोट घेतला, खोकला आणि ग्लास खाली ठेवून टाकला. आईने हातातला पदर सोडला, निवांत झाली. त्याने मात्र घोट घेतला, डोळ्यांत पाणी आलं, जबडा आवळला, आणि तो पीतच राहिला. ग्लास रिकामा झाला.

आईने लगेच तो पुन्हा भरला. "घ्या ना आणखी. आमच्या बायने खास तुमच्यासाठी केलीय." तो प्यायला. तिने तिसऱ्यांदा भरला, काठोकाठ. बाबा जमिनीकडे बघत होते. त्याने तोही संपवला, मिशी पुसली आणि म्हणाला, "झाक झालीय." दाराशी आत्या हसली. दात दिसतील अशी हसलेली मी तिला तेवढीच पाहिली. नंतर स्वयंपाकघरात मी बरणीतलं थोडं चाखलं तर जीभ वळेना. निंबाचा पाला वाटून घेतलेला परवडला. मला वाटलं, बाळंतिणीच्या गडबडीत आत्याचा हात बिघडला.

पाहुणे वळणाआड गेले नाहीत तोच आई म्हणाली, "तीन ग्लास. असला कडूजहर, आणि पानी प्यावं तसा प्यायला. पक्का बेवडा हाय. बायला काय आगीतून फुफाट्यात लोटायची?"

आमचं घर म्हणजे आग, हे तिने तेवढं एकदाच कबूल केलं. बाबांचा बाप पिऊन पिऊन मेला होता, त्यामुळे त्या शब्दापुढे घरात कोणी वाद घालत नसे. बाबांनी तर सुटकेचा श्वासच सोडला. मध्यस्थाकडून निरोप गेला की आम्हाला दारुड्याकडे मुलगी द्यायची नाही. निरोप आगाशीभर झाला. ईस्टरनंतर त्याने दुसरीशी लग्न केलं. आत्या वाडीत पाणी सोडत होती.

काही वर्षांनी मी माहेरी आले होते. आई लसूण सोलत होती आणि माझ्या नणंदेच्या लग्नाचा विषय निघाला. आईला उमाळा आला, हसत हसत सांगू लागली. पुरचुंडी काढली नव्हतीच, वर पांढऱ्यासकट अख्ख्या पपनसाची साल कापून टाकली होती. "नायतर तुमचं शिक्षण कसं झालं असतं? तुझ्या पाठच्या दोघांना कोणी वाढवलं असतं?" तिला खरोखर वाटत होतं की मी तिचे आभार मानीन. त्या क्षणी मला माझ्या आईची किळस आली.

आत्या मागे उभी होती, केळीची पानं घेऊन. सगळं ऐकलं होतं. मी कसंबसं विचारलं, "तुला माहीत होतं?"

"चाखल्याशिवाय मी कधी ओतलीय?" ती म्हणाली. "दुसरी बरणी कुठून आणू? म्हटलं बघू तरी, एवढं कडू माझ्यासाठी कोण गिळतो."

"त्याने गिळलं, आत्या."

"हां. त्याने गिळलं."

"मग तेव्हा बोलली का नाहीस? तो दारुडा नाही हे तुला ठाऊक होतं."

तिने पानं खाली ठेवली, त्यांचे देठ एका बाजूला केले. "कोणाला सांगू? ज्यांनी कालवलं त्यांनाच?"

आईने लसणाची सालं फुंकून उडवली. "झालं ते झालं. बाय, चहा टाक."

आत्याने चहा टाकला. आईला लागते तेवढी साखर घातली.