उद्या पाणी कधी?

उरणच्या मोरा बंदरातल्या रंजिताला तिथी तेवढी सांगा. भरती किती वाजता, ओहोटी किती वाजता, ती बोटांवर मोजून लगेच सांगेल. बापाबरोबर होडीवर जायची, तिथली ही विद्या. आता धक्क्याजवळ सुकी मासळी विकते आणि झकास विकते. तिच्या जवळ्यात वाळूचा कण कुणी दाखवून द्यावा!

हितेश उरणचा, नोकरी मुंबईला. ओहोटीला गाळामुळे मुंबईची लाँच मोऱ्याच्या धक्क्याला लागत नाही, म्हणून चार वर्षं तो रोज संध्याकाळी फोन करून रंजिताला विचारायचा, उद्या पाणी कधी? ती सांगायची. मग बोलणं पाण्यावरून कुठल्या कुठे जायचं. यालाच दोघं प्रेम म्हणत, आणि होतंच ते, आपण कशाला नावं ठेवायची.

पुढे उरणला रेल्वे आली. रेल्वेला कसली आलीय भरती-ओहोटी? फोन आधी दिवसाआड झाला, मग आठवड्याने, आणि आता पंधरा दिवस झाले, फोनच नाही.

गंमत म्हणजे रंजिताला रडू येत नव्हतं. जेवण जात होतं, गिऱ्हाइकांशी थट्टा चालू होती, पाठ टेकली की झोप. तिला धास्ती वाटली ती याचीच. आपल्याला तो हवाय, की नुसती सवय लागली होती? त्यात आईने करंजाड्याचं स्थळ आणलं, रविवारी पाहुणे येणार म्हणाली. रंजिता हो म्हणेना, नाही म्हणेना.

शनिवारी ती सरळ उरण स्टेशनबाहेर हितेशच्या बाईकला टेकून उभी राहिली. तो दिसला मात्र, आणि हिचे डोळे भरले. म्हणजे सवय नव्हती तर.

"संपला का आपला? एकदाचा सांग," ती म्हणाली.

हितेशने मान खाली घातली. रोज फोन हातात घ्यायचा आणि ठेवून द्यायचा, असं तो सांगू लागला. "पान्याबिगर तुझ्याशी काय बोलाचा, तेच मना सुचत नव्हता."

रंजिताला राग यायला हवा होता, आलं हसू. फोन तिच्याकडेही होताच की, आणि तिलाही काही सुचलं नव्हतं.

"मना पन नाय सुचत. नको बोलूस. बस निस्ता."

दोघं स्टेशनच्या पायरीवर बसली. दोन गाड्या येऊन गेल्या तरी कुणी काही बोललं नाही, आणि तिला फार बरं वाटलं. मग तिने आईला फोन लावून सांगितलं, पाहुण्यांना नको म्हणून कळव. का गो, म्हणून आईने विचारलं.

"तो शेजारी बसलाय," ती म्हणाली.