कॉकटील, कात्री आणि न्हाणीघराची कडी

आमच्या घरी पक्ष्याची पिसं कापायला कात्री मिळत नाही. नात मागते, मी देत नाही. तिला वाटतं आजीला दया येते. दया कसली, मला न्हाणीघराची कडी आठवते.

तेव्हा मी चाळिशीत होते, म्हणजे आपल्याला सगळं कळतं असं वाटण्याच्या वयात. सासूबाईंनी एक कॉकटील पाळला होता, पोपटाच्या जातीतला छोटा पक्षी. पांढरा, डोक्यावर पिवळा तुरा, गालांवर शेंदराचं बोट टेकवल्यासारखे ठिपके. तो पिंजऱ्याबाहेर असेल तोवर छताचा पंखा बंद, हा त्यांचा नियम. सोलापूरचा मे महिना आणि पंखा बंद. तो पडद्याच्या दांडीवर बसून शीळ घालायचा, खाली मी घामानं थबथबायचे.

एका सकाळी सासूबाई सांगोल्याला लग्नाला गेल्या, चार वाजेपर्यंत येणार होत्या. या शहाणीनं हिशेब मांडला: पिसं कापली की उडणं बंद, उडणं बंद की पंखा चालू. ब्लाउज बेतायची कात्री घेतली, त्याचा पंख पसरला आणि चालवली.

त्यात एक पीस नुकतं फुटलेलं होतं. बुंध्याशी जाड, निळसर काळं, भरलेल्या रिफिलसारखं. मला वाटलं, मळलंय. वाढत्या पिसाच्या नळीत रक्त खेळत असतं आणि वाढ पुरी झाली की नळी सुकते, हे मला मागाहून कळलं. कात्रीला आधी कळलं.

त्यानं पंख झटकला तसे भिंतीवर लाल शिंतोडे उडाले. मी घरात सगळ्या जखमांना लावतात तीच हळद फासली. ती भिजून ओघळली आणि पक्षी देवळातल्या दगडासारखा पिवळा-लाल झाला. तो निसटून कपाटामागं जाऊ नये म्हणून मी कपाटातला कोरा टॉवेल ओढला, त्याला गुंडाळला, न्हाणीघरात शिरले आणि आतून कडी लावली.

टॉवेल आपल्या सोलापूरचाच, सगळीकडून धाग्यांचे फासे असलेला. पक्ष्याच्या नख्या त्यात अडकल्या. तो ओढायचा, फासा आणखी आवळायचा. डाव्या हातात टॉवेलासकट तो, उजव्या हाताच्या चिमटीत ते तुटकं पीस. चिमूट सैल केली की थेंब, डावा हात सैल केला की फडफड. आणि आमच्या न्हाणीघराचं दार बिजागरीतून उतरलेलं. लावताना खांद्यानं रेटलं की भागायचं, उघडताना मात्र एका हातानं दार वर उचलायचं तेव्हा दुसऱ्या हातानं कडी सरकायची. फोन ओट्यावर राहिलेला.

पालथ्या बादलीवर बसले. वर पत्रा तापलेला. बोटांखाली त्याचं काळीज इतकं भरभर चाललेलं की वेगळे ठोके मोजता येईनात. बोटं बधिर झाली. तो एका डोळ्यानं माझ्याकडे बघत होता. मी नळाकडे बघत होते. इतका लहान जीव, त्यात रक्त असणार तरी किती, हाच विचार फिरून फिरून येत होता.

किती वेळ गेला कोण जाणे. बाहेर सासूबाईंच्या चपला वाजल्या.

"काय करायलीस गं आत?"

"आंघोळ."

"नळ तर बंद हाय."

"झाली आंघोळ."

"मग ये की बाहेर. पिंजरा मोकळा दिसतोय, पक्षी कुटंय?"

"माझ्याजवळ."

सासूबाई दाराजवळ आल्या. मग हळूच म्हणाल्या, "जित्ता हाय न्हवं?"

"आहे. पण रक्त थांबत नाही, आत्या. पीस तुटलं."

"आपोआप?"

"आपोआप."

"टेबलावर कात्री हाय. कापलेली पिसं बी हायत. तीबी आपोआप आली व्हय?"

 त्यांनी पुढं ताणलं नाही, जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि एकेक वाक्य दाराला तोंड लावून मला सांगत गेल्या. छाती आवळू नको, पक्ष्याची छाती हलली न्हाय तर श्वासच थांबतो. नख्या ओढू नको, धागा दातानं तोड. मग दाराखालच्या फटीतून कॅलेंडरच्या पानावर रक्त थांबवायला कॉर्नफ्लॉवर, म्हणजे मक्याचं पीठ, आत सरकलं.

"तुटल्या टोकाला दाब. कातडीत कोंबू नको. आणि फुंकर घालू नको, तुझी सवय मला ठाऊक हाय."

पहिल्या चिमटीचा लगदा झाला. दुसरी टिकली. मोजत दाबून धरलं आणि बोट काढलं; थेंब आला नाही. बादली सुलटी करून पुसली, त्याला आत ठेवलं, वर माझी ओढणी. मग दोन्ही हातांनी दार उचललं.

सासूबाईंनी आधी बादलीत बघितलं, मग माझ्याकडे. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, रक्त थांबलंय तर पीस उपटायला नको. दोन दिवस अर्ध्या अंधारात, गोंगाटाशिवाय राहू द्या.

तिसऱ्या दिवशी तो बाहेर आला, उडायला गेला आणि फरशीवर आपटला. मान वर करून पडद्याच्या दांडीकडे बघत राहिला.

"बघत काय बसलीस," सासूबाई म्हणाल्या. "वर ठेव त्याला."

मी पंखा बंद केला, स्टूल ओढलं, त्याला दांडीवर ठेवलं. मग ते रोजचंच झालं; घटकाभरानं तो शीळ घालायचा, म्हणजे खाली यायचंय. नवी पिसं येईपर्यंत कित्येक महिने मी घर सोडून माहेरीसुद्धा राहायला गेले नाही. एक दिवस त्याच्या पंखात पुन्हा तसंच रिफिलसारखं पीस दिसलं, तेव्हा कात्री मीच उचलून सासूबाईंच्या ट्रंकेत टाकली.