मेधाचा जुना मदरबोर्ड

आमच्या लग्नाच्या बाविसाव्या वाढदिवशी मी माझ्या बायकोचा धंदा बंद पाडला.

मेधा बोरिवलीच्या आमच्या घरातच लग्नपत्रिका टाइप करून देते. तिचा कॉम्प्युटर इतका म्हातारा, की बटण दाबून ती कुकर लावायची आणि तिसऱ्या शिटीला स्क्रीन उजळायची. ती दोन दिवस मुलुंडला माहेरी गेली आणि माझ्यातला प्रेमळ नवरा जागा झाला. (तो क्वचितच जागा होतो, आणि झाला की नुकसान करतो.) नवा मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम आणून मी व्हिडिओ बघत स्वतः बसवले. जुना मदरबोर्ड, त्यावरच्या प्रोसेसर-रॅमसकट, रद्दीबरोबर भंगारवाल्याला दिला. मागे अंगठ्याएवढं एक करडं डबडं खोचलेलं होतं, ते मात्र खणात ठेवलं. मी काही अगदीच बेजबाबदार नाही.

मेधा आली. बटण दाबून तिने पर्स खाली ठेवेपर्यंत कॉम्प्युटर सुरू! तिचे डोळे भरून आले. माझेही आले. हे सगळं साधारण एक मिनिट चाललं.

"अरे, मागचं लॉक कुठाय?"

तेव्हा कळलं, की ते डबडं म्हणजे तिच्या जुन्या मराठी सॉफ्टवेअरची किल्ली. ते मागे लावल्याशिवाय तिची एकही पत्रिका उघडत नाही. मी लगबगीने ते आणलं. नव्या मदरबोर्डला मागे नऊ भोकं होती. पंचवीस पिनांचं ते डबडं एकातही जाईना. मी जरा जोर लावला. मेधाने माझा हात बाजूला करून विचारलं, "जुना बोर्ड?"

मी रद्दीचं सांगितलं.

"तळमजल्यावरचे परबकाका संध्याकाळी मुलीची पत्रिका वाचायला येतायत. उद्या सकाळी ती छापायला जायचीय."

ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

भंगारवाल्याने एका पोत्याकडे बोट दाखवलं. आत चाळीसेक मदरबोर्ड, सगळे हिरवे, सगळे मला माझेच वाटणारे. मी जमिनीवर बसून एकेकाला ते डबडं लावून पाहिलं. अकरा बोर्डांना ते अगदी झकास बसलं! (पूर्वी बहुतेक बोर्डांना ते भोक असायचं म्हणे.) घाबरून फोन केला, तर मेधा म्हणाली, भोकाशेजारी लाल नेलपॉलिशचा ठिपका असेल, तिनेच लावलाय. दर दसऱ्याला तो कॉम्प्युटर मी पुसतो. ठिपका कधी दिसला नव्हता.

बोर्ड सापडला. भंगारवाला म्हणाला, "साब, पहले घर में पूछा करो."

जुना बोर्ड बसवताना स्क्रू मेधाने पिळले. मी टॉर्च धरली. परबकाका आले, त्यांचा चहा पिऊन झाला, तरी स्क्रीन काळीच. मग ती हळूच उजळली आणि पत्रिका उघडली. काकांनी ती दोनदा वाचली. "चेडवाच्या मामाचा नाव वर घे गो," ते म्हणाले, "नायतर तो जेवाचो नाय." मेधाने मुलीच्या मामाला वर घेतलं. मी श्वास सोडला.

परवा तिच्या बहिणीने फोनवर विचारलं, लग्नाच्या वाढदिवसाला काय मिळालं म्हणून. मेधा म्हणाली, "माझाच जुना कॉम्प्युटर."

आणि कबूल करायला हवं, बावीस वर्षांत माझी तिला मनापासून आवडलेली ही पहिलीच भेट.