माहेरचा रकाना

“त्या दोघी सख्ख्या बहिणी आहेत, सर.”

“मग कार्डावर तसं का नाही? एक राहीबाई, एक छबूबाई. गावं वेगळी, आडनावं वेगळी. तुम्हाला आनुवंशिकता दिसते, मला दोन उपाशी बायका दिसतात.”

“उपाशी बाईच्या रक्तात एवढं लोह सापडत नाही.”

“यंत्र चुकलं असेल.”

“तीनदा?”

१९७१ सालच्या मार्चमधला सोमवार. नगरच्या एका लहानशा रक्तसंशोधन प्रयोगशाळेत टेबलाच्या अलीकडे तिशीतली डॉ. सुनीती, पलीकडे प्रमुख डॉ. शामकांत. मधे दोन कार्डं आणि टाईप केलेलं एक पत्र. पत्रात एकच मागणी: डोंगरातल्या दवाखान्यानं या दोघींना लोहाची इंजेक्शनं देणं थांबवावं. खाली शामकांतांचं नाव होतं, सही नव्हती.

सुनीतीचे वडील शाळामास्तर. मुलीनं डॉक्टर व्हावं हे त्यांना पटलं होतं. डॉक्टर होऊन दवाखाना न थाटता एसटीनं रक्त गोळा करत हिंडावं हे मात्र नाही. सासरीही तोच सूर. ती कुणाशी वाद घालत बसायची नाही, पहाटेच्या गाडीनं निघायची. बाजाराच्या दिवशी राजूरला टेबल मांडायची, रक्ताचे नमुने गार ठेवायला सोडावाल्याकडून बर्फ घ्यायची आणि डोंगरावरून उतरलेल्या फिकट बायकांना हाक मारायची. त्या तिला रगातवाली बाई म्हणत. आमचं रगात नेऊन इकती का काय, अशी चेष्टा करत हात पुढे करत.

दोन वर्षांत तिच्या ध्यानात आलं, की बहुतेकींना लोहानं गुण येतो, थोड्याजणींना येत नाही. त्यांचं रक्त आईबापांकडून आलेल्या दोषामुळे मुळातच नीट बनत नाही. लोह वापरलं जात नाही, यकृतात साचत राहतं. हे पटवायचं तर नातं दाखवायला हवं होतं.

ते दिसलं गेल्या आठवड्यात, भंडारदऱ्याकडच्या राहीबाईच्या ओसरीवर. छबूबाई पाहुणी आली होती. तिनं आत हाक दिली, “गोजरे, च्या ठेव.” आतून राहीबाईनं ओ दिली.

गोजर कोण, सुनीतीनं विचारलं.

“मीच की. लगनात राही ठिवलं, माहेरी गोजरच. ही माझी थोरली भन.”

छबूबाईच्या कार्डावर ‘बहीण गोजर, तिलाही हाच आजार’ असं लिहिलेलं होतं. ही गोजर सुनीती वर्षभर शोधत होती. कार्डं ज्यावरून भरली जात त्या फॉर्मवर नवऱ्याचं नाव होतं, सासरचं गाव होतं, माहेरचा रकानाच नव्हता. फॉर्म तिनंच बनवला होता. तिचं स्वतःचं नाव लग्नापर्यंत सुमेधा होतं, तरी तिला ते सुचलं नव्हतं.

आता दवाखान्यातलं दर मंगळवारचं लोहाचं इंजेक्शन घेऊ नका, तिनं सांगितलं. राहीबाईनं फुगलेल्या उजव्या कुशीवर हात ठेवला. सुई घेतली की चार दिवस अन्न जात नाही म्हणाली, पण चुकवली तर घरचे ओरडतात.

“तुमी कागद आना बाई. माझ्या नुसत्या शब्दावर कोन ऐकतंय?”

तोच कागद आता शामकांतांनी बाजूला सरकवला. माणूस वाईट नव्हता. जिल्हाभर लोह वाटायची मोहीम त्यांनी खटपटीनं उभी केली होती. लोहानं अपाय होतो असं एक पत्र बाहेर पडलं, तर बायका गोळ्या उकिरड्यावर टाकतील, याची त्यांना धास्ती होती.

“फॉर्म चुकला हे तुम्हीच म्हणता,” ते म्हणाले. “नवा छापून घ्या. वर्षभरानं बोलू.”

“वर्षभरात बावन्न मंगळवार येतात, सर.”

“दोन बायकांसाठी हजार बायकांचं नुकसान करू नका, सुनीतीबाई.”

“हजारांना द्याच. या दोघींना नको, एवढंच लिहिलंय. चूक माझी होती, ती त्यांच्या अंगात का टोचायची?”

शामकांतांनी पेनाला टोपण लावलं. सुनीतीनं आपलं पेन काढलं, पत्राखालचं त्यांचं नाव खोडलं, आपलं लिहिलं आणि सही केली.

“हे कुणाच्या अधिकारात? उद्या तुमची नोकरी राहणार नाही. ऐकताय ना?”

उद्या मंगळवार होता. डोंगराकडे जायला संगमनेरची एसटी अडीचला होती. सुनीतीनं पत्राची घडी पर्समध्ये ठेवली, बर्फाचा रिकामा डबा उचलला आणि ती दार उघडंच ठेवून जिना उतरली.