शीतलची पाळी

बी.ए.च्या इंग्रजी साहित्याच्या तासाला कादंबरी बाकाबाकाने मोठ्याने वाचायची असते. आमच्या बाकाची पाळी यायच्या कितीतरी आधी शेजारच्या शीतलचे ओठ हलू लागले होते. मराठी शाळेतून आलेली पोर. उच्चार चुकला की मागचे हसणारच. माझं डोकं फिरलं. उठून म्हणाले, "सर, हा छळ बंद करा!" सरांनी वाचन थांबवून पुस्तक मिटलं.

"भाषण झकास झालं, बाई," शीतल पुटपुटली. "पण मी घरून तयारी करून आले होते. मला वाचायचं होतं."

ज्यांच्या वतीने आपण ओरडतो, त्यांना आधी विचारायला आपल्याला वेळच कसा मिळत नाही? विद्यार्थी संघटनेच्या सभेत, पत्रकात मी सगळीकडे 'आम्ही' म्हणते. त्या 'आम्ही'त शीतलला मी परस्पर बसवलं होतं.

"सरांना सांगू का, पुन्हा सुरू करा म्हणून?"

"नको. तू आता काही सांगू नकोस."